नांदेडहून आलेलं माउंट

पत्नीला जाऊन वर्ष होत आलं तेव्हा माझ्याकडे एक छोटी दुर्बीण होती, एक कॅमेरा होता, आणि हे दोन्ही ज्यावर ठेवायचं ते माउंट नव्हतं. संध्याकाळी घरात बसवत नसे म्हणून मी गच्चीवर जाऊ लागलो होतो. गच्चीवर गेल्यावर माणूस वर बघतोच. वर बघितल्यावर मी माझ्या स्वभावाप्रमाणे पुस्तकं मागवली.

लातूरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझी सगळी नोकरी झाली. कुठलीही गोष्ट करण्याआधी तिच्याबद्दल वाचायचं, आणि पुष्कळदा वाचून झाल्यावर ती करायचीच राहून जायची, असा माझा जन्म. चार महिने वाचून मला एवढं समजलं की ताऱ्यांचा फोटो काढायचा तर दुर्बिणीपेक्षा तिच्याखालचं माउंट महत्त्वाचं. साधा स्टँड खाली-वर आणि डावी-उजवीकडे फिरतो. डोळ्यांनी बघायला तो पुरतो. पण तारे तसे सरळ जात नाहीत, ध्रुवाभोवती तिरके फिरतात. त्या स्टँडला मोटर लावून ताऱ्याच्या मागे सोडला तरी चित्र हळूहळू स्वतःभोवती वळत जातं आणि कडेचे तारे फराटतात, रेघांसारखे लांबतात. म्हणून दुसऱ्या जातीचं माउंट घ्यायचं, ज्याचा मुख्य दांडा तिरपा करून ध्रुवाकडे रोखलेला असतो. मग एकच मोटर, एकाच गतीनं, पृथ्वीच्या उलट फिरत राहते.

इथपर्यंत पुस्तकांचं एकमत होतं. पुढे कोणाचंच नव्हतं. कोणी म्हणे नवख्यानं हलकं घ्यावं, नाहीतर आठ दिवसांत कंटाळून अडगळीत टाकील. कोणी म्हणे हलकं घेतलं की वारा फोटो हलवतो, आणि माणूस वर्षभरात पुन्हा जड घेतोच. इंटरनेटवर प्रत्येक जण आपण घेतलेलंच कसं चांगलं हे पटवत होता. मी कोणावरही विश्वास ठेवत नव्हतो. त्या वर्षात ही सवयच जडली होती. भाजीवाल्यानं 'ही जुडी घ्या' म्हटलं की मी दुसरी उचलायचो.

अशात नांदेडहून मेहुण्यांचा फोन आला. ते पत्नीचे थोरले भाऊ. नांदेड जिल्ह्यातल्या शाळांत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं. जिल्हाभर लोक त्यांना सर म्हणतात, म्हणून मीही सरच म्हणतो. वर्षश्राद्धाला महिना होता. गेल्या वर्षभरात ते एकदाही लातूरला आले नव्हते.

"काय दाजी, तारे पकडून राहिलात म्हणं?"

"फोटो काढायचा विचार आहे, सर. माउंटचं ठरत नाही."

"त्यात काय ठरवायचं? जड घ्या. इथं एक हाय, वापरलेलं, पण दणकट. शाळांना प्रयोगशाळेचं सामान पुरवतो त्याच्याकडं पडलंय. माझा विद्यार्थी हाय, फसवणार न्हाई."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खुर्चीत बसून राहिलो. हेच वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं.

पत्नीला ताप आणि धाप सुरू झाली तेव्हा सरांनी असाच फोन केला होता. नांदेडला आणा, तिथला डॉक्टर माझा विद्यार्थी आहे, फसवणार नाही. आम्ही नेलं. अकराव्या दिवशी ती गेली. त्या अकरा दिवसांतलं एक दृश्य माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. दवाखान्याच्या जिन्यात तो डॉक्टर सरांच्या पाया पडला, मग दोघं हळू आवाजात काहीतरी बोलले. मी वर येताना दिसलो तसे दोघंही गप्प झाले. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "चहा घेऊ चला." ते काय बोलले हे मी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून त्याच्या जागी हजार गोष्टी येऊन बसल्या. विद्यार्थ्याचा दवाखाना चालावा म्हणून तर तिला तिकडे नेलं नाही ना? लातूरला राहिली असती तर? दवाखान्यांची काही कमी आहे का लातुरात? आणि नंतर सर वर्षभर फिरकले नाहीत, हा माझ्या लेखी पुरावाच होता. मन स्वच्छ असतं तर माणूस येतो.

तेव्हा मी ते माउंट का घेतलं, हे लिहायला मला थोडी लाज वाटते. ते खराब निघावं म्हणून घेतलं. माणूस लहान गोष्टीत फसवताना सापडला की मोठ्या गोष्टीत तो काय करेल हे कळतं, असं माझं गणित होतं.

नांदेडच्या त्या दुकानात काचेच्या नळ्या, लोहचुंबक, प्लास्टिकचा सांगाडा, यांच्यामध्ये ते जाड कापडाखाली ठेवलेलं होतं. दुकानदार पन्नाशीचा. माझ्यासाठी त्यानं खुर्ची दोनदा पुसली.

"सरांचे दाजी म्हणजे आमचेबी दाजीच की. बसा. मला लई मारलंय सरांनी."

"मग आता उट्टं काढाल," मी म्हणालो.

तो मोठ्यानं हसला. मी हसलो नाही. मी माउंटच्या पायांवरून बोट फिरवत होतो. तीन पायांपैकी एकाच्या आतल्या बाजूला चांगला वीतभर ओरखडा होता, रंग निघून खालचा पत्रा दिसत होता.

"हे पडलं होतं का?"

"न्हाई हो. लागलं असंल कुठं तरी."

"आधी कोणाचं होतं?"

"किनवटकडं एक साहेब होते जंगल खात्यात. त्यांनाबी हाच नाद. बदली झाली, इथं ठेवून गेले."

बदली झालेला माणूस आवडीची वस्तू मागे ठेवून जातो, हे मला पटलं नाही. मी मनात टिपून ठेवलं: ओरखडा, आणि बदली.

लातूरच्या एसटीत ते पोतं गुंडाळलेलं धूड चढवलं तेव्हा कंडक्टर म्हणाला, "काका, बोअरची मोटर हाय का?" मी हो म्हणालो. खरं सांगितलं असतं तर अर्धी बस उघडून बघायला आली असती. "मग खाली ठेवा. आन् पाणी लागलं की आमालाबी सांगा," तो म्हणाला.

गच्चीवर ते उभं करायला मला दोन दिवस लागले. पुस्तकातल्या चित्राप्रमाणे एक पाय बरोबर उत्तरेला ठेवला. ध्रुव तारा आमच्या गच्चीच्या मध्यावरून दिसत नाही, शेजाऱ्यांनी तिसरा मजला चढवल्यापासून तो त्यांच्या भिंतीमागे गेला आहे. पण उत्तर शोधायची गरजच काय? घर बांधलं तेव्हापासून आम्हाला चारी दिशा पाठ आहेत. रस्त्याकडचा कठडा पूर्वेचा, टाकीकडचा उत्तरेचा, स्वयंपाकघराची बाजू दक्षिणेची. फोनमधल्या होकायंत्रानं वेगळंच दाखवलं. वरच्या मजल्यासाठी कधीकाळी सोडलेल्या लोखंडी सळया गच्चीच्या चारी कोपऱ्यांत उभ्या आहेत, त्यांच्यामुळे काटा भरकटला असणार असं मी ठरवलं. फोन म्हणत होता घर चुकलं आहे, आणि मी म्हणत होतो फोन चुकला आहे. जगातल्या सगळ्यांवर मी संशय घेत होतो, घर सोडून.

पहिला फोटो कृत्तिकांचा काढला. संध्याकाळी सात-साडेसातला त्या चांगल्या वर असतात. अर्धा मिनिट कॅमेरा उघडा ठेवला. पडद्यावर जे आलं त्यात एकही तारा ठिपका नव्हता. सगळे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट. पुन्हा काढला. पुन्हा तेच. मोटर फिरत होती, तिचा बारीक आवाज येत होता, आणि तारे फराटत होते.

मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. बसल्या जागी पाठ ताठ झाली. मी त्याच क्षणी नांदेडला फोन लावला.

"सर, तुमच्या विद्यार्थ्याचं यंत्र चालत नाही."

ते म्हणाले, "रविवारी येतो. त्याला हात लावू नका."

रविवारी ते पहिल्या गाडीनं आले. सत्तरी ओलांडलेला माणूस, खांद्याला झोळी, हातात वहिनींनी दिलेले धपाटे. पाणी प्यायले, बहिणीच्या फोटोपुढे क्षणभर थांबले आणि थेट गच्चीवर चढले. माउंटकडे बघितलं, पण हात लावला नाही.

"उत्तर कोणती?"

मी टाकीकडचा कठडा दाखवला.

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात. घर तसंच बांधलंय."

"हं," एवढंच म्हणून त्यांनी माझ्याकडे खिडकीच्या पडद्याची एक सरळ नळी मागितली. रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून त्यांनी ती उभी रोवली. दोऱ्याला कुलूप बांधून ओळंबा केला आणि नळी दोन्ही बाजूंनी तपासली. मग दुसऱ्या दोऱ्यानं तिच्याभोवती खडूचं मोठं वर्तुळ काढलं. दोरा धरायला मी होतो. साडेदहा वाजून गेले होते. नळीच्या सावलीचं टोक आखडत आखडत वर्तुळाला टेकलं तसा त्यांनी तिथं ठिपका काढला.

"आता बसा. दुपारी सावली पुन्हा लांबत जाईल आन् पलीकडून वर्तुळाला लागेल. दोन ठिपके जोडले की पूर्व-पश्चिम. सातवीच्या पोरांना दर वर्षी करायला लावायचो मी."

"त्याला किती वेळ?"

"अडीच वाजतील."

चार तास! मला वाटलं, हे नुसता वेळ काढताहेत. यंत्र सदोष आहे हे कबूल करण्याऐवजी शाळा भरवली आहे. आम्ही टाकीच्या सावलीत बसलो. इतक्या जवळ आम्ही त्या दवाखान्याच्या बाकावर शेवटचे बसलो होतो. मी ओरखड्याचा विषय काढला.

"हे पडलेलं यंत्र आहे, सर. हा पाय बघा."

ते उठले, वाकून बघितलं, आणि तोलासाठी वजन लावलेला खालचा दांडा हळूच फिरवला. दांडा बरोब्बर त्या ओरखड्यावर येऊन टेकला.

"हा पाय पुढं कशाला ठेवला तुम्ही?"

"पुस्तकात तसंच चित्र आहे."

"पुस्तक कुठलं? थंड मुलखातलं असंल. तिकडं ध्रुव डोक्याकडं चढलेला असतो, दांडा पायापासून लांब राहतो. आपल्याकडं तो पार खाली, अठरा-एकोणीस अंशांवर. मुख्य दांडा जवळजवळ आडवा होतो आन् हा वजनाचा दांडा पायावर घासतो. त्या किनवटच्या साहेबांनीबी तुमच्यासारखंच पुस्तक वाचून मांडलं असणार." ते परत येऊन बसले. "दोन पाय उत्तरेला ठेवा, एक मागं. लागणार न्हाई."

माझा एक पुरावा गेला. मी बदलीच्या गोष्टीला धरून राहिलो.

दुपारी धपाटे खाल्ले. सर सावलीकडे बघत होते, मी सरांकडे. अडीचच्या जरा आधी सावलीचं टोक वर्तुळाला लागलं. त्यांनी ठिपका काढला, दोऱ्यानं दोन ठिपके जोडले, त्यावर लंब काढला, आणि ती रेघ खडूनं ओढत ओढत गच्चीच्या टोकापर्यंत नेली. रेघ टाकीच्या कठड्याला काटकोनात लागायला हवी होती. ती तिरकी गेली आणि कोपऱ्यातल्या सळयांपाशी जाऊन थांबली.

"वीस-बावीस अंश," सर म्हणाले. "प्लॉट रस्त्याला धरून पाडलेत तुमचे. रस्ता तिरका, म्हणून घर तिरकं. यंत्रानं तरी काय करावं? तुम्ही त्याला ध्रुव म्हणून दुसरीकडंच बघायला लावलं."

मी रेघेकडे बघत होतो, पण मनात भलतंच आलं होतं. पत्नी गेली तेव्हा बाहेरच्या खोलीत तिच्या जागी दिवा लावला होता. गुरुजींनी विचारलं होतं, दक्षिण कोणती? मीच स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बोट केलं होतं. तेरा दिवस मी त्या दिव्याची वात त्या भिंतीकडे सारखी करत होतो.

"मग तिचा दिवा," मी म्हणालो.

सरांना समजायला क्षण लागला. मग ते हळूच म्हणाले, "यमाला होकायंत्र लागत न्हाई, दाजी."

ते धीर द्यायला म्हणाले होते. पण माझ्यातलं काहीतरी सुटलं.

"सर, त्या दिवशी जिन्यात तो तुम्हाला काय म्हणाला?"

"कोण?"

"तुमचा डॉक्टर. मी वर आलो तसे दोघं गप्प झालात."

सर हातावरचा खडू झटकत राहिले. खडू गेला तरी झटकत राहिले.

"आता कशाला ते?"

"वर्षभर मला तेवढंच पाहिजे होतं."

"तो म्हणाला, सर, चार दिवस आधी आणलं असतं तर बरं झालं असतं." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "मी म्हणालो, हे दाजींपाशी बोलू नको."

माझ्या मनानं लगेच दुसरं टोक पकडलं. हे आत्ता रचलेलं तर नाही? विद्यार्थ्याला सोडवायचं आणि माझ्यावर टाकायचं? पण ते चार दिवस खरेच होते. सरांचा पहिला फोन ताप आला त्याच दिवशी आला होता. ती म्हणाली होती, दादाकडे जाऊ. मी म्हणालो होतो, आधी नीट समजून घेऊ. मी तिचे रिपोर्ट घेऊन बसलो, कॉलेजातून वैद्यकाचा जाडा ग्रंथ आणला, इंटरनेटवर वाचत राहिलो. चौथ्या दिवशी तिला वाक्य पुरं करता येईना तेव्हा मी पुस्तक मिटलं.

"वाचली असती असं म्हणाला का तो?"

"तसं न्हाई म्हणाला. बरं झालं असतं, म्हणाला. डॉक्टर असंच बोलतात."

"मी वाचत होतो, सर. ते चार दिवस."

"माहिती हाय. ती फोनवर सांगायची. दादा, हे अजून पुस्तकातच हायेत, म्हणायची. हसायची वर."

ती कशी हसली असेल हे मला ऐकू आलं, धापेसकट.

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला की. लई आला. वर्षभर तुमच्या दारात पाय ठेवला न्हाई ते कशामुळं वाटलं तुम्हाला?"

मी काय समजत होतो ते मी सांगितलं. विद्यार्थी, दवाखाना, जिना, सगळं. एकदा सुरुवात केल्यावर थांबता आलं नाही. सर ऐकत राहिले. चेहरा लाल झाला, मग उतरला.

"मला दुसरा कोण ठाऊक व्हता, दाजी?" ते म्हणाले. "औषध पाहिजे तर विद्यार्थी, शेताची मोजणी करायची तर विद्यार्थी, तुमचं हे स्टँड पाहिजे तर विद्यार्थी. मी माणसं अशीच शोधतो. तो डॉक्टर चांगला हाय का, हे मी तपासलं न्हाई. वर्गात चांगला होता एवढंच."

ही बाजू मी कधी विचारात धरली नव्हती. तो डॉक्टर चांगला होता की नाही हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. रचायचंच असतं तर त्यांनी याहून सोयीचं काहीतरी रचलं असतं.

"मग माउंटचा फोन का केला? राग होता तर?"

"लोक सांगत होते, दाजी एकटेच गच्चीत उभे असतात. म्हटलं, उभं राहायचंच तर निदान दणकट कशाला तरी धरून राहा."

त्या संध्याकाळी आम्ही रेघेवर माउंट नव्यानं मांडलं, दोन पाय पुढे, एक मागे. कृत्तिकांचा फोटो काढला. अर्ध्या मिनिटानंतर पडद्यावर ठिपके आले. ठिपकेच. सरांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "निळसर दिसतात." मला आनंद झाला, पण ज्यासाठी यंत्र आणलं होतं ते त्यातून सिद्ध झालं नव्हतं. चांगल्या माउंटनं दवाखाना चांगला ठरत नाही, खराब माउंटनं वाईट ठरला नसता. वर्षभर मी ज्याला पुरावा म्हणत होतो तो पुरावा नव्हताच. आणि ते चार दिवस माझ्याकडे तसेच राहिले. ते आता कोणावर टाकता येत नव्हते.

सकाळी निघण्याआधी सरांनी ऑइलपेंट मागितला. खडू पुसला जाईल, पाय ठेवायच्या तीन जागा पक्क्या करून देतो म्हणाले. मी म्हणालो खडूच बरा, चूक झाली तर पुसता येईल. ते थांबले, माझ्याकडे बघत. मग मीच जिन्याखालून डबा काढून आणला. त्यांनी गुडघ्यावर बसून तीन लाल ठिपके काढले. वर्षश्राद्धाला येतो म्हणाले, आणि गेले.

रंग वाळल्यावर त्याच संध्याकाळी मी ते ठिपके तपासले. जिन्याच्या छपरावर चढलं की शेजाऱ्यांच्या भिंतीच्या कडेनं ध्रुव दिसतो, हे मला तोवर कळलं होतं. वरून ध्रुवाशी आणि खालच्या रेघेशी दोरा धरून बघितला. दोन ठिपके बरोबर होते. मागचा बोटभर बाजूला गेला होता, बसल्या जागेवरून त्यांचा हात तिथं नीट पोचला नसावा. डबा आणि ब्रश जिन्याखाली होते. मी खाली गेलो, चहा ठेवला, आणि ठिपका आहे तिथंच राहू दिला.